दुसऱ्या दिवसाचं दुखणं

दिवाळीच्या पणत्या अजून कोनाड्यातून उतरवलेल्या नसतात, तोच आमच्या कारंजा गावातल्या दुकानात नव्या ढेपीचा वास सुटतो. सरकीतलं तेल काढून घेतल्यावर जे उरतं ती ढेप, गुराढोरांचा हिवाळ्याचा खुराक. ज्यांनी हा वास घेतला नाही त्यांना तो कसा सांगावा? थोडा भाजलेल्या दाण्यांसारखा, थोडा ओल्या पोत्यासारखा आणि बराचसा आमच्या बाबांच्या सदऱ्यासारखा. बाहेर हायवेवर संत्र्याचे ट्रक रांगेने उभे असतात, ढाब्यांवर चुली पेटलेल्या असतात, सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघते. अशा वेळी माझ्या दोन्ही खांद्यांना काहीतरी आठवायला लागतं. डोक्यात जागा कमी असल्यामुळे असेल, पण माझ्या पुष्कळशा आठवणी खांद्यांत राहतात.

यंदा तर निमित्तच चालत आलं. माझा धाकटा भाऊ विलास पोलिसात आहे. तो रजेवर घरी आला तो दोन्ही हात अंगापासून दूर धरून, काखेत कुणी गरम भाकरी ठेवल्यासारखा. पोट सुटलंय म्हणून वरच्या साहेबांनी टोकलं, म्हणून त्याने शहरात नवं निघालेलं जिम गाठलं. तिथे चहूकडे आरसे. आरशात त्याला वीस वर्षांचा विलास दिसला आणि त्याच्याच हिशेबाने त्याने वजनं उचलली. पहिल्या दिवशी छान वाटलं. दुसऱ्या दिवशी शर्ट घालायला बायको लागली. एसटीतून उतरताना बॅग कंडक्टरने खाली ठेवली म्हणे.

आमच्या मायने त्याला दारातून आत येताना पाहिलं. काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. सरळ आत गेली आणि कढईत तेल, लसूण आणि ओवा टाकला. तो वास ढेपीच्या वासाला कापत दुकानापर्यंत आला. मी गिऱ्हाइकाला सुटे पैसे देत होतो. चाळिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, बाजारपेठेत बऱ्यापैकी नाव असलेला माणूस मी. आणि माझ्या पोटात तीच जुनी कळ उठली. खांद्यात नाही, पोटात.

ती कळ त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यातली.

तेव्हा मी नुकता दुकानावर बसलो होतो. बसलो हा शब्द फसवा आहे. ढेपीच्या दुकानात बसायचे ते बाबा. मी उभा असायचो, वाकायचो, पोतं पाठीवर घ्यायचो, गिऱ्हाइकाच्या बैलगाडीत टाकायचो आणि परत यायचो. विलास कॉलेजात होता आणि त्याच्या डोक्यात पोलीस भरतीने घर केलं होतं. मारुतीच्या देवळामागे एक पडकी टिनाची शेड होती. तिथे त्याने आणि त्याच्या दोस्तांनी व्यायामशाळा काढली. काढली म्हणजे शेड झाडली आणि भिंतीवर मारुतीचा फोटो लावला. सामान विकत आणायला पैसे कुणाजवळ? मोडक्या बैलगाडीचा लोखंडी आख आणला. आमच्याच दुकानातून तेलाचे दोन रिकामे पिपे, म्हणजे पत्र्याचे डबे, नेले, त्यांत सिमेंट भरलं, दोन टोकांना दोन पिपे घट्ट बसवले, आणि झालं वजन तयार. सिमेंट कमी पडलं तेव्हा लोहाराकडचे मोडके फाळ आणि बैलांचे जुने नाल त्यात कोंबले. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

विलासने वजन उचलायला सुरुवात केली आणि आमचं घर त्याच्याभोवती फिरायला लागलं. सकाळी भिजवलेले हरभरे त्याच्या वाटीत. दुधावरची साय त्याच्या पेल्यात. माय गिरडच्या टेकडीवर दर्ग्यात जाऊन त्याच्या भरतीसाठी नवस बोलून आली. माझ्यासाठी तिने नवस बोलावा असं काही नव्हतं म्हणा. ढेपीच्या दुकानावर बसता यावं म्हणून कोण नवस बोलतं? तिथे माणूस आपोआप बसतो.

या सगळ्याचं मला काही वाटलं नाही, असं मी तेव्हा म्हणत होतो. दूध काय, मला पचतही नव्हतं. मला झोंबलं ते वेगळंच.

सकाळचं ऊन अंगणात आलं की माय तिथे पाट टाकायची. विलास उघड्या अंगाने त्यावर बसायचा. माय मागे बसून कोमट तेल हातावर घ्यायची आणि त्याच्या खांद्यावरून, दंडावरून, पाठीवरून अशी चोळायची की फटफट आवाज घरभर व्हायचा. आणि तो कण्हायचा. काय ते कण्हणं. एखाद्या राजाने दरबारात बसून कण्हावं तसं. "माय, इथं. नाई, थोडं खाले. हां, तिथंच." बाबा दातून करता करता थांबायचे आणि विचारायचे, आज कुठलं दुखून राह्यलं? तो सांगायचा, आज छाती. काल मांड्या होत्या. परवा दंड होते. घरात तिथीसारखं त्याचं दुखणं बदलायचं आणि सगळ्यांना ते पाठ असायचं.

मी त्याच अंगणातून दुकानाची किल्ली घेऊन जायचो. रात्री माझीही पाठ धरलेली असायची, मानेवर पोत्याच्या सुतळीचे वळ असायचे. पण पोत्याचं दुखणं आमच्या घरी दुखण्यात धरत नसत. ते कामात धरत. ज्या वजनाचा कुणाला काही उपयोग नाही, जे उचलून परत तिथेच ठेवायचं, त्याचं दुखणं तेवढं दुखणं. मला विलासच्या दंडाचा हेवा कधी वाटला नाही. आरशात माझे दंड मला बरे दिसायचे. मला हेवा वाटायचा त्याच्या कण्हण्याचा. मला तो पाट हवा होता, ते ऊन हवं होतं, आणि मागून येणारा तो फटफट आवाज माझ्या पाठीवर हवा होता. चोवीस वर्षांच्या, मिशी फुटलेल्या माणसाने हे कुणाला आणि कोणत्या तोंडाने सांगायचं?

तोंडाने सांगता येत नाही ते माणूस भलत्याच रस्त्याने करतो. मी विलासचं वजन मोजायला काढलं.

झालं असं की शेडमधली पोरं गावभर सांगत सुटली होती की विलास साठ किलो डोक्यावर घेतो. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनीही मला विचारायला सुरुवात केली. एके दिवशी विलासचा दोस्त भास्कर दुकानात बसून हेच सांगत होता आणि मी ऐकत होतो. माझा जन्म तेलाच्या पिप्यांत गेलेला. आमच्याकडे ढेपीसोबत तेलही विकत. पिपा म्हटला की पंधरा किलो, हे मला पाढ्यांच्या आधी आलेलं. दोन पिपे तीस. आख असेल दहा-बारा. मी तिथल्या तिथे हिशेब केला आणि चार लोकांसमोर म्हणालो, "साठ काऊन सांगून राह्यले बे? चाळीस-बेचाळीसच्या वर जात नाई ते. आना इथं काट्यावर."

पिप्यात तेल असलं तर पंधरा किलो. सिमेंट असलं तर किती, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. आमच्या घराण्यात तो कुणाच्याच डोक्यात आला नसता. बाबाही गादीवरून मान हलवत होते, की पोरगा बरोबर सांगतो.

पोरांनी ते धूड हातगाडीवर घालून आणलं. दुकानासमोर पोती मोजायचा मोठा काटा होता, त्यावर चढवलं. तोवर पंचवीस-तीस माणसं जमली. संत्र्याच्या ट्रकवरचे हमालही हातातलं काम टाकून आले. मी एका बाजूला वजनं ठेवत गेलो. वीस ठेवलं, हललं नाही. चाळीस ठेवलं, हललं नाही. साठ ठेवलं तेव्हा मी इकडेतिकडे पाहायला लागलो. काटा सरळ झाला तो ब्याऐंशीवर.

मग त्या हमालांपैकी एक म्हातारा विलासकडे बघून इतकंच म्हणाला, "पोट्टा लेकाचा बैल हाये." कारंज्यात यापेक्षा मोठी पदवी नाही. बाबा गादीवरून उतरले, विलासच्या पाठीवर हात ठेवला आणि आत आवाज दिला की उद्यापासून याचं दूध वाढव. विलास स्वतःही गोंधळला होता. आपण एवढं उचलतो हे त्यालाच माहीत नव्हतं. ते त्याला मी मोजून दिलं, शिक्क्याच्या काट्यावर.

गोष्ट इथे संपली असती. पण भास्कर होताच. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "अरुणभाऊ, तुमी तं रोजच पोते उचलता. एक डाव तुमी बी पाहा ना." गर्दी जायला निघालेली थांबली.

मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. पोतं उचलायची एक पद्धत असते. ते पाठीवर येतं, आपण वाकतो, आणि ते मग आपल्याला धरून चालतं. हा आख मात्र समोरून, नुसत्या हातांवर. तो मला धरायला तयार नव्हता. तरी मी उचलला. डोक्यावर नाही गेला, पण छातीपर्यंत आणला आणि ठेवला, आदळला नाही. लोकांनी बरं म्हटलं. त्या बऱ्याने माझं समाधान होईना. संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो आणि पोरं जे जे करत होती ते सगळं केलं. बैठका मारल्या, जोर काढले, विटा बांधलेली काठी खालीवर केली, पुन्हा तो आख छातीवर घेतला. विलास म्हणत होता, दादा, आज एवढंच कर. तो असं म्हणाला म्हणून मी आणखी केलं.

रात्री जेवताना मला काहीही दुखत नव्हतं. अंग हलकं झालं होतं, भूक लागली होती. विलास बसताना कण्हला आणि मायने माझ्याकडे पाहून विचारलं, "तुहं दुखते का रे काही?"

इतके दिवस ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो प्रश्न समोर आला, आणि दुखतच नव्हतं. मी भाकरी मोडत म्हणालो, "मले काय होते? हे पोट्टे उगाच कण्हत राह्यतात. मले तं काहीच दुखत नाई." वर हसलोही. बाबा हसले. मायने मान हलवली आणि भाजी वाढली.

हे दुखणं किती लबाड असतं हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. ते पहिल्या दिवशी येत नाही. तुम्हाला बढाया मारायला पुरेसा वेळ देतं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, तुम्ही पांघरूण बाजूला करायला हात हलवता, तेव्हा येतं.

मला हात वर नेता येईना. केस विंचरायला मान खाली न्यावी लागली. चहाची बशी तोंडाशी येईना म्हणून मी तोंड बशीशी नेलं, मांजरासारखं. पायजम्याची नाडी बांधताना डोळ्यांत पाणी आलं. सकाळच्या विधीला बसलो ते बसणं जमलं, उठणं जमेना. पाण्याच्या बादलीला धरून, देवाचं नाव घेऊन उठलो. दुकानाच्या फळ्या काढताना एक शिंक आली आणि त्या शिंकेने छातीतला कणन् कण वेगवेगळा झाला. गिऱ्हाईक आलं की मी पोत्याकडे पाहायचो आणि पोतं माझ्याकडे. बाबांनी विचारलं, आज असा लाकडासारखा काऊन चालून राह्यला? मी म्हटलं, झोपेत मान अवघडली.

घरात एका माणसाने ओळखलं. विलासने. ते चालणं त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तो पाटावर बसला होता, अंगाला तेल लागत होतं, आणि मी किल्ली घेऊन, दोन्ही हात लोंबते ठेवून, त्याच्यासमोरून जात होतो. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "दादा, बस ना इथं. तेल गरमच हाये."

माय तेव्हा वाटी घेऊन चुलीकडे गेली होती. क्षणभर अंगणात आम्ही दोघंच होतो. पाट अर्धा रिकामा झाला होता, तो सरकला होता म्हणून. मी म्हणालो, "कायले? मले काय झालं?"

आणि दुकानात गेलो. तिसऱ्या दिवशी आणखी दुखलं.

विलास त्या हंगामाच्या शेवटी भरती झाला आणि ट्रेनिंगला गेला. मला वाटलं होतं की आता अंगण मोकळं होईल. झालंही. पण रिकाम्या अंगणाला वेगळाच माज आला. माय भाकऱ्या थापता थापता थांबायची आणि मला विचारायची, "तिथं थंडीत त्याले कोन तेल लावून देत असन रे?" माझ्या पाठीवर तेव्हा पोतं असायचं. समोरच्या माणसाचा हेवा करणं सोपं असतं. तो कधीतरी चुकतो, रुसतो, भाजीला नावं ठेवतो, आपल्याला जरा बरं वाटतं. गेलेल्या माणसाचं तसं नसतं. तो रोज थोडा जास्त चांगला होत जातो. दोन वर्षांत आमच्या घरी विलास इतका चांगला झाला की रजेवर आलेला खरा विलासही त्याच्यापुढे फिका पडायचा. त्या काळात त्या बिचाऱ्याचाही मला थोडा कळवळा यायचा, थोडाच.

पुढे माझं लग्न झालं. माझ्या बायकोने आठ दिवसांत निदान केलं. ती म्हणाली, तुमाले दुखते तवा तुमी कण्हत नाई, फुगता. बाबा गेले, गादीवर मी बसायला लागलो, पोती उचलायला माणसं आली. आताशा माझे खांदे दुखतात ते नुसते बसून. टिनाची शेड पडली, तिथे मोबाइलचं दुकान झालं. सिमेंटचे ते दोन पिपे बरीच वर्षं कुणाच्या तरी मांडवाचे दोर ताणायला वापरात होते, असं ऐकलं.

तर यंदा विलास पाटावर बसला होता. पाट तोच म्हणता येणार नाही, प्लॅस्टिकचा आहे, पण ऊन तिथेच होतं. मायने तेलाची वाटी आणली आणि त्याच्या मागे बसली. तिची बोटं आता वाताने वाकडी झाली आहेत. तिने तेल घेतलं, खांद्यावर हात ठेवला, दाबायचा प्रयत्न केला. फटफट आवाज काही येईना. थोडा वेळ तिने नेट धरला आणि मग दुकानाच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "अरुन, ये जरा. माह्यानं होत नाई. तुह्या हाताले जोर हाये."

मी गेलो. म्हणजे सतरा-अठरा वर्षांनी मला त्या पाटाशी बोलावणं आलं, ते त्याला तेल लावायला. मी बाही वर केली आणि विलासचा उजवा खांदा धरला. जरा जोरातच धरला. ते लोखंडासारखं अंग कुठे गेलं कुणास ठाऊक, आता हाताखाली मऊ लागत होतं, आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. तो म्हणाला, "दादा, हळू ना गा. आरोपी नोय मी." माय हसली. मग विलास डोळे मिटून म्हणाला की तिकडे दुखलं म्हटलं की बायको हातात फवारा देते आणि टीव्ही लावते.

मी चोळत राहिलो. माय बाजूला बसून माझ्या हातांकडे पाहत होती. म्हणाली, अंगठा वरून खाली ने. आणि मग, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "तू कधी बसलाच नाई पाटावर. मी इचारलं होतं एक डाव. तू म्हने, मले काहीच दुखत नाई."

या वाक्याला मी इतक्या वर्षांत पुष्कळ उत्तरं तयार केली होती. काही टोमण्याची होती, काही फार उदार मनाची होती. दुकानात मंदीच्या दुपारी मी ती घोळवून ठेवली होती.

मी म्हणालो, "दुखते, माय."

"कुठं?"

मला विचार करावा लागला. "खांद्यात."

"कोनत्या?"

"दोनी."

तिने विलासच्या पाठीवर वाटी टेकवली आणि म्हणाली, "सरक तिकडं." तो सरकला. मी सदरा काढला. पोटाची घडी झाकायला जागा नव्हती, झाकली नाही. पाटावर बसलो तर तो गरम लागला, उन्हाने की त्याच्या बसण्याने, देव जाणे.

मायची बोटं माझ्या खांद्यावर आली. त्यांत जोर अजिबात नव्हता. ढेपीत चिमण्या टिपत असतात तशी ती इकडून तिकडे फिरत होती, जिथे दुखत नव्हतं तिथेही. त्या चोळण्याने दुखणं काडीभरही कमी झालं नाही. तेल मात्र पाठीवरून ओघळून पार कमरेपर्यंत गेलं. कण्हावं असं फार वाटत होतं. पण सवय नव्हती, आवाजच निघेना. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, विलास पाहत होता का. पाहतच होता, एक खांदा तेलाने चकचकीत आणि एक कोरडा घेऊन.

"माय," तो म्हणाला, "माहा डावा राह्यला ना."

"थांब," माय म्हणाली.

समोर दुकानात कुणीतरी आलं होतं. ढेप हाये का, म्हणून दोनदा हाक आली, मग काट्याची साखळी वाजवली. विलासने माझ्याकडे पाहिलं. जागा मोकळी होईल म्हणून तो पाटाकडे थोडा सरकलाही.

मी उठलो नाही.